इमर्जन्सी मेडिकलमध्ये करिअर : सर्टिफिकेट हातात आले, आता पुढची पायरी कोणती?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. बारावी सायन्स झालेला, वडील रिक्षा चालवतात. एका खासगी संस्थेतून त्याने सहा महिन्यांचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा, म्हणजे ईएमटीचा कोर्स केला. दोन वर्षांपासून एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळी करतोय. म्हणाला, "सर, काम मनापासून आवडतं. पण पगार वाढत नाही. आखाती देशासाठी अर्ज केला, तर एजंट म्हणाला डिग्री आणा. संस्थेने तर सांगितलं होतं, कोर्स सरकारमान्य आहे."

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. कोविडनंतर आपल्या वस्त्यांमधली बरीच मुले-मुली या क्षेत्राकडे वळली. एक जीव वाचवण्याला आपल्या दीनमध्ये किती मोठा दर्जा आहे, हे घराघरात माहीत आहे. त्यामुळे अम्मी-अब्बाही खुशीने होकार देतात. पण पहिल्या कोर्सनंतर पुढे काय, हे सांगणारे कोणी नसते.

आधी कायदा समजून घेऊ. २०२१ साली संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा कायदा केला. इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय त्याच्या यादीत आहे. या कायद्याप्रमाणे अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचा, दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारा डिप्लोमा किंवा डिग्री लागते. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी तर किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची डिग्री सांगितली आहे. तीन किंवा सहा महिन्यांचे सर्टिफिकेट या व्याख्येत बसत नाही. असे कोर्स फुकट जातात असे मी म्हणत नाही. काम शिकायला, आपल्याला रक्त बघवते का, रात्र जागवते का, हे ओळखायला ते चांगले. पण ती पहिली पायरी आहे, माडी नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या राज्याची. महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ अॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या होत्या. गुजरात, तमिळनाडूसारख्या राज्यांत १०८ च्या गाडीवर ईएमटी असतो. आपल्याकडे मात्र चालकासोबत डॉक्टर ठेवण्याची पद्धत पडली, आणि हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस, बीयूएमएससारख्या पदवीचे असतात. त्यामुळे "ईएमटी करा, १०८ वर लागा" असे कोणी सांगत असेल तर सावध राहा. महाराष्ट्रात ईएमटीला काम मिळते ते मुख्यतः खासगी हॉस्पिटल, खासगी रुग्णवाहिका आणि कारखान्यांमध्ये.

मग रस्ते कोणते? मला चार दिसतात.

पहिला, इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजीची बीएस्सी किंवा तशीच पॅरामेडिकल डिग्री. साधारण तीन वर्षे आणि वर नव्या अभ्यासक्रमांत एक वर्षाची इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवे. ज्याला याच कामात राहायचे आहे, पुढे परदेशी जायचे आहे, त्याच्यासाठी हाच सरळ रस्ता. आखाती देशांत लायसन्स देताना डिग्री आणि अनुभवाची कागदपत्रे मूळ संस्थेकडून तपासून घेतात. तिथे कच्चा कागद टिकत नाही.

दुसरा, नर्सिंग. जीएनएम तीन वर्षे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षे. नोंदणीची व्यवस्था जुनी आणि पक्की आहे. आयसीयू, कॅज्युअल्टी, दोन्ही दरवाजे उघडतात. आपले मुलगे नर्सिंगला लाजतात. ती लाज सोडायला हवी.

तिसरा, बीयूएमएस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे, आणि नीट द्यावी लागते. मुंबई, पुणे, मालेगावात युनानी कॉलेजे आहेत. दहावीपर्यंत उर्दू शिकलेल्या मुलांना इथे भाषेचा फायदाच होतो. १०८ वर डॉक्टर म्हणून जायची वाट इथून आहे. ज्यांचे बीयूएमएस झाले आहे त्यांच्यासाठी इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसची पदव्युत्तर पदविका पुण्यात मिळते.

चौथा, नोकरी न सोडता बीएलएस आणि एसीएलएसची ट्रेनिंग. काही दिवसांची असते, सर्टिफिकेट दोन वर्षे चालते, मग पुन्हा करावे लागते. मुलाखतीत उपयोग होतो, पण डिग्रीची जागा ते घेत नाही.

फी भरण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा. कोणत्या विद्यापीठाची संलग्नता? एकूण तास किती? हॉस्पिटल आणि रुग्णवाहिकेत प्रत्यक्ष काम किती दिवस? मागच्या बॅचची मुले आज कुठे आहेत? उत्तरे तोंडी नको, कागदावर घ्या, आणि संलग्नता विद्यापीठाकडे जाऊन तपासा. "सरकारमान्य" हा शब्द बोर्डावर कोणीही लिहितो.

मुलींबद्दलही बोलायला हवे. आपल्या घरातल्या बाईला अपघात झाला, बाळंतपणात अडचण आली, तर आपण लेडी स्टाफ शोधतो. पण आपल्याच मुलीने ते शिकायचे म्हटले की रात्रपाळीचे कारण पुढे करतो. ने-आणीची आणि सुरक्षेची काळजी खरी आहे. ती हॉस्पिटलला थेट विचारा, सोय बघा. पण त्यावरून शिक्षणच थांबवू नका.

पैशाचा प्रश्न उरतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे, तिथे चौकशी करा. मोहल्ल्यातल्या जकात कमिट्यांनीही गरजू मुलाची एक पूर्ण डिग्री उचलावी. दहा मुलांच्या अर्धवट कोर्सपेक्षा त्याचा फायदा जास्त.

त्या विद्यार्थ्याला मी डिग्रीचाच सल्ला दिला. तो म्हणाला, "सर, तीन-चार वर्षं घरात पगार कुठून येणार?" प्रश्न रास्त आहे. रात्री कॅज्युअल्टी, दिवसा कॉलेज जमेल का, हे तो आता हॉस्पिटलमध्ये विचारतोय. जमलं तर बरंच. नाही जमलं, तर त्याच्या वडिलांशी आणि मोहल्ल्याच्या कमिटीशी बोलायला मी स्वतः जाणार आहे, इन्शाअल्लाह.