'दोन शब्द' बोलणाऱ्यांविरुद्ध

"मी आपला फार वेळ घेणार नाही" या वाक्याइतके धडधडीत खोटे वाक्य मराठी भाषेत दुसरे नसेल. "पैसे उद्या देतो" म्हणणाऱ्याच्या बोलण्यात निदान उद्याची आशा तरी असते. "दोन शब्द बोलतो" म्हणून ध्वनिक्षेपकाला दोन्ही हातांनी धरणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत तीही नसते.

फराळाची ताटे समोर असताना भांडण उकरून काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण ती ताटे घासून फडताळात गेली, की स्नेहसंमेलने, वर्धापनदिन, सत्कार आणि शिबिरे यांचा हंगाम लागलाच म्हणून समजा. मग बोलून उपयोग नाही. कारण मग बोलायचे काम दुसऱ्यांचे असते. म्हणून माझी फिर्याद आजच मांडतो. आपल्याकडे सभा भरते ती व्यासपीठासाठी. श्रोता हा तिथे खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत एवढ्याच सोयीसाठी आणलेला असतो, आणि आपल्या भाषणांचे जे मातेरे झाले आहे त्याचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे. आवाज, शब्दसंपत्ती, विद्वत्ता यांच्या नावाने रडण्याचे कारण नाही.

मी सभांना जाणारा माणूस आहे, आणि बसतो तो सतरंजीच्या बाजूला. तिथून सभा कशी दिसते ते सांगतो. आधी पाहुण्यांची वाट पाहणे. मग दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्याने विझणारी एक वात ठरलेली. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय. परिचय करून देणारा पाहुण्यांचे बालपण सांगू लागला, की पाहुणे मान खाली घालून हसतात आणि श्रोते मान वर करून घड्याळ पाहतात. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ; आणि "अनवधानाने ज्यांचे नाव राहिले" त्यांचे पुन्हा शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. या सगळ्याला चाळीस मिनिटे लागली असे धरा, आणि ते फारच उदारपणे धरले. सभागृहात ३०० माणसे असतील तर २०० तास गेले. आठ तासांचा दिवस धरला तर ही एका माणसाची २५ दिवसांची मजुरी झाली. सार्वजनिक कार्याच्या वर्गणीतून इतकी रक्कम कुणी उचलली असती तर आपण पोलिसांत गेलो असतो. इथे आपण टाळ्या वाजवतो.

यावर मला उत्तर मिळते, की हा आपला शिष्टाचार आहे, ही आपली परंपरा आहे. परंपरेचे नाव निघाले आहे तर मग तीच उघडून पाहू. महाराष्ट्रात लोकांसमोर उभे राहून विषय मांडण्याची सर्वांत पक्की परंपरा कीर्तनाची आहे. नारदीय कीर्तनाची रचना पाहा. नमन झाले, की बुवा एक अभंग घेतात आणि पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतात. प्रतिपादन एकच. दृष्टांत द्यायचा तो त्याच्यासाठी, विनोद करायचा तो त्याच्यासाठी. मग उत्तररंगात एखादे आख्यान लावून तेच प्रतिपादन माणसांच्या सुखदुःखातून दाखवायचे, आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगाशी यायचे. अक्षरओळख नसलेली बाई घरी जाताना तो अर्थ बरोबर नेत असे. आणि बुवांच्या गळ्यात हार कधी पडतो? पूर्वरंग संपल्यावर, म्हणजे अर्धे काम करून दाखवल्यावर! बोलण्याआधी माणसाचा सत्कार करणे ही आपली परंपरा नव्हे, ती आपली नवी खोड आहे.

त्याच परंपरेतले गाडगे महाराज पाहा. १९५६ साली ते गेले. गावात शिरले की आधी हातात झाडू घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे, आणि रात्री त्याच गावकऱ्यांपुढे कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या कीर्तनात ते प्रश्न विचारीत आणि लोक उत्तरे देत. पुढचा प्रश्न मागच्या उत्तरातून निघे, आणि कर्ज काढून सण करणे, देवापुढे बकरे मारणे, मुलांना शाळेत न घालणे हे सारे चूक आहे, असे शेवटी श्रोतेच आपल्या तोंडाने म्हणत. दिव्याचे तेल आणि श्रोत्यांची झोप या दोन्हींची किंमत त्या माणसाला ठाऊक होती. आमच्या अध्यक्षमहाराजांना यांतले एकही ठाऊक नसते.

आणखी एक आक्षेप विद्वानांचा असतो. विषय गहन आहे, आकडे पुष्कळ आहेत, श्रोत्यांना ते पेलत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? मला त्यांना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण करून द्यायची आहे. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांनी भाषण केले. अंदाजपत्रकाहून रुक्ष विषय सांगा पाहू! त्या भाषणात आकड्यांची कमतरता नव्हती. पण सगळे आकडे एकाच खुंटीला टांगलेले होते : दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेल्या देशात सरकारच्या तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ प्रजा सुखी आहे असा नसून तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो असा आहे. मिठावरच्या करासारखा गरिबाच्या ताटातला कर कमी करा, हे मागणे त्यातूनच निघाले. पुढच्याच वर्षी तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एका भाषणाने तो उतरला असे मी म्हणत नाही. पण आकडे श्रोत्याच्या डोक्यावर ओतायचे, की त्याच्या हाती द्यायचे, यातला फरक मात्र त्या भाषणावरून कळतो. न्यायमूर्ती रानडे हे गोखल्यांचे गुरू. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्या हाताखाली आकडा तपासून घेतल्याशिवाय तोंड उघडायची सोय नव्हती.

आता या जुन्या रोगाला नवे उपकरण मिळाले आहे. त्याचे नाव पडदा. १९८७ साली पॉवरपॉइंट बाजारात आले. उपकरण म्हणून ते वाईट नाही. नकाशा दाखवावा, छायाचित्र दाखवावे, पानावरची कीड दाखवावी. पण आमचे वक्ते त्यावर स्वतःचे भाषणच चढवतात आणि श्रोत्यांकडे पाठ करून ते वाचून दाखवतात. वाचता येणाऱ्याला वाचून दाखवणे हा अपमान आणि वाचता न येणाऱ्यापुढे अक्षरे टाकणे हा दुसरा अपमान. एकाच स्लाइडीत दोन्ही साधतात. "शेवटच्या ओळीला कदाचित दिसत नसेल," असे हसत म्हणायचीही पद्धत आहे. अहो, दिसत नसेल तर दाखवता कशाला?

ही नुसती कंटाळ्याची तक्रार आहे असे वाटत असेल तर २००३ साल आठवा. १६ जानेवारीला कोलंबिया अवकाशयान उडाले. त्यात कर्नालची आपली कल्पना चावला होती. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान आकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताचा विचार करून वरिष्ठांपुढे स्लाइडी मांडल्या. त्यांतल्या एका स्लाइडीचे शीर्षक धीर देणारे होते. खाली बारीक अक्षरांत, ओळींच्या उतरंडीच्या तळाशी, खरी गोष्ट लिहिलेली होती : आदळलेला तुकडा चाचणीत वापरलेल्या तुकड्यापेक्षा आकारमानाने सुमारे ६४० पट मोठा होता. म्हणजे त्या चाचणीवर विसंबण्यात अर्थच नव्हता. हे वाक्य शीर्षकात हवे होते. ते तळघरात राहिले. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि सातही जण गेले. अपघाताची कारणे अनेक होती. ती एका स्लाइडीच्या माथी मारणे अन्याय होईल. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडीची मुद्दाम चिरफाड केली आणि सविस्तर लेखी टिपणाऐवजी अशा स्लाइडींवर काम भागवण्याच्या सवयीवर बोट ठेवले, हे विसरता येत नाही.

इतक्या दूर जायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतरच्या काळात एका तालुक्याच्या गावी फवारणीतील सुरक्षिततेवर शेतकऱ्यांचे शिबिर होते, त्याला मी गेलो होतो. मजूर आले होते ते अर्धा दिवस बुडवून. दीड तास स्वागत, सत्कार आणि मनोगते चालली. ज्या तरुण तज्ज्ञासाठी शिबिर भरवले होते, त्याला दहा मिनिटे उरली. आणि त्या दहा मिनिटांत त्याने चाळीस इंग्रजी स्लाइडी पळवल्या. सांगायचे होते ते इतकेच : वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका. उपाशीपोटी फवारू नका. चोंदलेले नोझल तोंडाने फुंकू नका. अंगावर औषध सांडले तर कपडे काढून साबणाने धुवा. गरगरले तर थांबा, आणि डॉक्टरकडे जाताना औषधाचा डबा बरोबर न्या. पाच वाक्ये! एक पंप समोर ठेवून, एका मजुराला पुढे बोलावून, दहा मिनिटांतसुद्धा ती करून दाखवता आली असती. माझ्या शेजारचा माणूस उठताना मला विचारता झाला, "मग फुंकायचं का नाही फुंकायचं?" त्या शिबिराचे वृत्त छायाचित्रासह छापून आले, छायाचित्र अर्थातच सत्काराचे होते.

हल्ली यावर उपाय म्हणून भाषणकलेचे वर्ग निघाले आहेत. तिथे हात कसे हलवावेत, कुठे थांबावे, सुरुवातीला कोणता विनोद करावा, हे शिकवतात. आमच्या शाळांतल्या वक्तृत्वस्पर्धा तर याच्याही पुढे. दहा वर्षांचे पोर मूठ आवळून, डोळे वटारून पाठ केलेले देशप्रेम ओरडते आणि ढाल घेऊन घरी जाते. ही सारी पुन्हा वक्त्याचीच सजावट झाली. समोरच्याला काय अडले आहे, हे विचारायला त्यांतले कोण शिकवतो?

ते आमच्या घरातल्या काकूला न शिकवता येते. शेजारची नवी सून रडवेली होऊन सांगते, की चकली तेलात विरघळते. काकू चकलीचा इतिहास सांगत नाही, आपला परिचयही करून देत नाही. "मोहन जास्त झालं," एवढे म्हणते, थोडी भाजणी वाढवून मळते, एक चकली पाडून तळून दाखवते आणि म्हणते, "आता तू पाड." आधी अडचण, मग कारण, मग प्रत्यक्ष, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या हाती सोऱ्या! उत्तम भाषणाचे याहून वेगळे शास्त्र असेल तर मला माहीत नाही. वक्तृत्व ही देवाची देणगी आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांनी एकदा स्वयंपाकघरात डोकावावे.

म्हणून यंदाच्या हंगामासाठी माझ्या मागण्या साध्या आहेत. परिचय दोन वाक्यांचा असावा. सत्कार भाषणानंतर व्हावा, आणि भाषण कामाचे झाले असेल तरच व्हावा. वक्त्याने घरून निघण्यापूर्वी एक वाक्य कागदावर लिहावे : श्रोत्यांनी आज इथून काय घेऊन जायचे? ते वाक्य लिहिता आले नाही, तर प्रकृतीचे कारण सांगून घरी राहावे. समाज त्याचा ऋणी राहील. पडद्यावर दाखवायचे तेच दाखवावे, बोलायचे ते बोलावे. आणि वेळेचा निम्मा भाग श्रोत्यांच्या प्रश्नांना द्यावा, कारण वेळ त्यांचाच आहे.

वक्ते हे मानणार नाहीत, याची मला खात्री आहे. म्हणून खरी विनंती तुम्हाला आहे, वाचकहो. आपण श्रोते फार सोशिक आहोत. भाषण संपल्याच्या आनंदात वाजवलेल्या टाळ्या वक्त्याला भाषण आवडल्याच्या वाटतात, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा येतो. या वर्षी हात आवरा. प्रश्न विचारा. "फुंकायचं का नाही फुंकायचं?" हा प्रश्न शेजाऱ्याला विचारू नका, उभे राहा आणि व्यासपीठाला विचारा.