पुनर्वसन आणि पुनःस्थापना

30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आदि गांवें भूकंपानें मातीस मिळालीं. पुढें 52 गांवें जुनी जागा सोडून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. ‘पुनर्वसन पूर्ण झालें’ असें तेव्हांपासून आपण मोठ्या समाधानानें म्हणत आलों आहों. हें समाधान आम्हांस मान्य नाहीं, आणि आमचे साक्षी आहेत हिब्रू संदेष्टे.

किल्लारीचा आणि यरुशलेमचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध एवढाच कीं, उद्ध्वस्त झालेली वस्ती पुन्हां वसली असें केव्हां म्हणावें, या प्रश्नाचा इतका कसून विचार फार थोड्यांनीं केला आहे.

बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमला वेढा घातला असतां, कैदेंत पडलेल्या यिर्मयानें अनाथोथ येथील चुलतभावाचें शेत 17 शेकेल रुपें मोजून विकत घेतलें, व साक्षीदारांसमक्ष खरेदीखत करविलें. या भूमींत पुन्हां शेतांचे व्यवहार होतील हें त्यानें नुसतें सांगितलें नाहीं. पदरचें द्रव्य त्यांत घातलें. जखऱ्या आपल्या 8 व्या अध्यायांत वसलेल्या नगराचें चित्र काढतो, तें काठी टेकून चौकांत बसलेल्या म्हाताऱ्यांचें व रस्त्यांत खेळणाऱ्या मुलांचें. आमच्या नव्या गांवांत रस्ते सरळ व रुंद झाले. परंतु म्हाताऱ्यानें बसावें कोठें, हा प्रश्न नकाशा काढणारांस किती सुचला?

यहेज्केलचें म्हणणें तर याहून झोंबणारें आहे. भूमीची नवी वांटणी करतांना, तुमच्यांत राहणाऱ्या परक्यासही स्वकीयाप्रमाणेंच वतन द्या, असें तो बजावतो. आम्ही काय केलें? ज्याची जमीन जास्त त्याचें घर मोठें: भूमिहीनास 250 चौरस फूट, मोठ्या जमीनदारास 750. भूकंपानें वाडा व झोंपडी एका रात्रींत सारखीं केलीं होतीं. आम्ही त्यांतील अंतर फुटांनीं मोजून पुन्हां उभें केलें.

यावर उत्तर येईल कीं, भूमिहीनास निदान पक्कें घर तरी मिळालें. मिळालें खरें, व ज्यांनीं तें दिलें त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. पण घर मिळणें ही सुरुवात आहे. इ. स. पू. 538 मध्यें कोरेश राजानें यहुद्यांस परतण्याची मोकळीक दिली. तरीही पुढें नहेम्याच्या काळीं गरीब लोक आपल्याच बांधवांकडे शेतें गहाण टाकीत होते, आणि तीं परत करविण्यास त्याला धनिकांशीं भांडावें लागलें. परतणें झालें होतें, पुनःस्थापना व्हावयाचीच होती.

यापुढें कोणतेंही गांव, धरणासाठीं असो वा आपत्तीमुळें असो, उठवावें लागेल, तेव्हां किती घरें बांधलीं एवढेंच विचारून भागणार नाहीं. ज्याच्या नांवें कालपर्यंत कांहींच नव्हतें, त्याच्या नांवें आज काय झालें, हें अगोदर विचारावें.