पाहणे हीही एक विद्याच

शालान्त परीक्षा जवळ आली की घरोघरी 'पुढे काय?' हा प्रश्न निघतो आणि त्याची उत्तरे बहुधा दोनच असतात : डॉक्टर किंवा इंजिनियर. दुर्बिणीने, सूक्ष्मदर्शकाने वा क्ष-किरणांनी मिळालेल्या प्रतिमांचा अर्थ लावणे आणि त्यांमागील आकड्यांचे पृथक्करण करणे, हाही आज संशोधनातील एक मोठा व्यवसाय आहे, हे आम्हा विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. सांगितलेच तर 'ते यंत्रे सांभाळणाऱ्याचे काम' म्हणून. हा समज आम्हांस मान्य नाही.

१० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराची पहिली प्रतिमा पाहिली. ते विवर एम ८७ या दीर्घिकेत, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. एप्रिल २०१७ मधील त्या निरीक्षणमोहिमेत आठ रेडिओ दुर्बिणी होत्या. जमलेली माहिती इतकी प्रचंड होती की तिच्या तबकड्या विमानाने अमेरिकेत व जर्मनीत न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरील तबकड्यांसाठी तर तेथील हिवाळा सरण्याची वाट पाहावी लागली. परंतु खरी कसोटी पुढेच होती. दुर्बिणी मोजक्याच असल्यामुळे माहितीत रिकाम्या जागा राहतात, आणि एकाच माहितीतून अनेक प्रतिमा संभवतात. मनात आधीच कडे बसले असेल, तर कागदावरही कडेच उमटावयाचे! म्हणून संशोधकांनी आपले चार गट पाडले व परस्परांस काहीही कळू द्यावयाचे नाही, असा दंडक घातला. चारही प्रतिमांत तेजाचे कडे दिसले, तेव्हाच त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवला.

कोणी म्हणेल, गणकयंत्रे असता माणसाचे काय काम? यंत्र रिकामी जागा भरते हे खरे. पण ती सत्याने भरली की आपल्या इच्छेने, हे विचारावयास माणूसच लागतो. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायापट्टिकांवरील तारे तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांच्या कामाला लोक नुसती मोजदाद समजत. त्यांनीच १९१२ साली विशिष्ट रूपविकारी ताऱ्यांचे तेज व त्यांचा आवर्तनकाल यांचा संबंध दाखविला, आणि त्या मापाने पुढे दीर्घिकांची अंतरे मोजता आली.

अशी कामे साता समुद्रांपलीकडेच आहेत असे नाही. आपल्या इंदुरातील राजा रामण्णा केंद्रात 'इंडस-२' च्या क्ष-किरणांवर संशोधन चालते. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाचा वेध घेतात. ही वाट सुलभ नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रारंभीच्या नेमणुका पुष्कळदा दोनतीन वर्षांच्याच असतात, आणि पालकांची काळजी अनाठायी म्हणता येत नाही.

तरीही ज्याला या वाटेने जावयाचे आहे त्याने गणिताची कास धरावी, आणि त्याहीआधी एक सवय मोडावी. अपेक्षित उत्तराकडे पाहून प्रयोगवहीत आकडे बसविण्याची रीत शाळाशाळांतून रूढ आहे. ज्याला दिसले तेच लिहिण्याचे धैर्य शाळेत येत नाही, त्याच्या हाती उद्या कितीही मोठी दुर्बीण दिली तरी त्याला तीतून आपलेच मन दिसेल.