भेदरलेले मांजर
भेदरलेल्या मांजराला आधी लपायला जागा हवी असते; कुरवाळणे नंतर. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवारागृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके मिळाले, ती इतरांपेक्षा लवकर स्थिरावली. घरात पुठ्ठ्याचे खोके, कपाटावरची मोकळी जागा किंवा पलंगाखालचा कोपराही पुरतो. तेथून त्याला ओढून बाहेर काढणे ही क्रूरताच होय. खाणे-पाणी जवळ, शी-शूचा ट्रे मात्र जरा लांब असावा. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी खिडक्या लावून पडदे ओढावेत, कारण मांजराचे कान माणसाहून कितीतरी तीक्ष्ण असतात. भीतीने त्याने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला दाखवावे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकते.