किती घेऊ, ते आधी ठरवा

जून-जुलैमध्ये प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून घ्यायला लोक येतात, तेव्हा त्यांच्या ब्रोकरचं नफा-तोट्याचं पत्रक माझ्यासमोर येतं. वर्षानुवर्षं ही पत्रकं चाळल्यावर त्यांचा ठरावीक चेहरा दिसायला लागतो. विकलेल्या शेअरांची यादी बहुतेक हिरवी असते: आठ टक्के, बारा टक्के नफा, हातात पडला तसा लगेच काढून घेतलेला. न विकलेल्यांची यादी लाल असते: वजा चाळीस, वजा सत्तर, एखादा तर असा की त्याची आता बाजारात खरेदी-विक्रीच होत नाही. काम आटोपून माणूस उठतो आणि दारात थांबून विचारतो, "साहेब, सध्या कोणता घ्यावा?"

माझी विनंती आहे की हा प्रश्न कोणालाच पहिल्यांदा विचारू नका. आधी विचारायचं ते, किती रुपयांचा घ्यावा? तुमच्याकडे असलेल्या एकूण पैशांतले किती, एकाच कंपनीवर लावायचे? निवड कधी ना कधी चुकणारच. माझी चुकते, टीव्हीवरच्या तज्ज्ञांची चुकते, कोट्यवधींचे फंड चालवणाऱ्यांचीही चुकते. चुकल्यावर घराला किती झळ बसू द्यायची, ते मात्र खरेदीच्या दिवशी आपल्याच हातात असतं.

येस बँक आठवा. ऑगस्ट २०१८मध्ये तो शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. मग संस्थापक-प्रमुखाला पूर्ण मुदतवाढ द्यायला रिझर्व्ह बँकेने नकार दिला आणि भाव घसरायला लागला. ३००ला तो स्वस्त वाटला, २००ला आणखी स्वस्त. १००ला तर 'एवढी मोठी बँक, बुडून बुडणार किती' असं म्हणत लोकांनी ठेवी मोडून घेतला. बाजारात याला 'ॲव्हरेज करणं' म्हणतात. खरेदीची सरासरी खाली येते, मनाला बरं वाटतं आणि एकाच कंपनीत अडकलेली रक्कम गुपचूप वाढत जाते. मार्च २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. पुनर्रचनेत स्टेट बँकेने १० रुपये भावाने शेअर घेतले आणि ज्यांच्याकडे १०० किंवा त्याहून जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं गोठवले गेले. विकायचं मनात आणलं तरी विकता येईना. मार्च २०२३मध्ये कुलूप उघडलं तेव्हा भाव १५ रुपयांच्या घरात होता.

आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. दोघांनीही हाच शेअर, त्याच भावाला घेतला. एकाने बचतीतले चार टक्के लावले होते, दुसऱ्याने निवृत्तीच्या रकमेतला अर्धा भाग. पहिल्याकडे आज तो विषय हसण्यावारी निघतो. दुसऱ्याकडे मुलीच्या लग्नाचा खर्च कर्जाने भागला असेल. निवडीतली चूक दोघांची सारखीच.

हिशेबही निर्दय आहे. ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला दुप्पट व्हावा लागतो, ९० टक्के पडलेला दसपट.

"पण नीट अभ्यास करून घेतला असता तर?" असं कोणी म्हणेल. अभ्यास जरूर करावा. कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो, शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर सगळं असतं. निदान चार जागी बोट ठेवून पाहा. पाच वर्षांत नफा जेवढा दाखवलाय त्याच्या जवळपास रोख रक्कम धंद्यातून खरंच आली का, ते रोख प्रवाहाच्या पत्रकात दिसतं. नफा वाढतोय आणि रोकड येत नाही, तर माल उधारीवर जातोय किंवा आकडे रंगवलेत. कर्ज किती आणि त्याचं व्याज नफ्यातून किती वेळा फिटतं, ते पाहा. प्रवर्तकांनी आपले शेअर तारण ठेवलेत का, ते दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात असतं. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो तक्ता जाहीर करावा लागतो. आणि लेखापरीक्षकाने मुदत संपायच्या आधीच राजीनामा दिला असेल, तर कारणात 'वैयक्तिक' लिहिलेलं असो वा 'शुल्क परवडत नाही', त्या कंपनीपासून दूर राहा. यातलं काहीच अवघड नाही. फ्लॅट घेताना आपण सात-बारापासून ओसीपर्यंत कागद मागतो, शेअर घेताना मात्र मेहुण्याचा शब्द पुरतो, हे मला कधी कळलेलं नाही.

तरीही या अभ्यासाला मर्यादा आहे. सत्यम कॉम्प्युटर्सला २००८मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. संचालक मंडळावर नामवंत मंडळी होती, हिशेब तपासणारी संस्था जगातल्या मोठ्या संस्थांपैकी एक होती. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली सुमारे ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. शेअर एका दिवसात १७९ रुपयांवरून ४०वर आला. ज्याने अहवाल पानोपान वाचला होता आणि ज्याने मुखपृष्ठही पाहिलं नव्हतं, दोघांचंही सारखंच नुकसान झालं. डीएचएफएल या गृहवित्त कंपनीच्या रोख्यांना २०१८च्या अखेरीपर्यंत 'ट्रिपल ए', म्हणजे सर्वोच्च, मानांकन होतं. २०२१मध्ये ती कंपनी पिरामल समूहाकडे गेली, तेव्हा जुन्या भागधारकांच्या शेअरांची किंमत शून्य धरली गेली. कमी नव्हे, शून्य.

म्हणून माझे आकडे सांगतो. ते शास्त्र नाही, अनुभवाने बसवलेली शिस्त आहे. शेअर बाजारात लावायच्या पैशांपैकी एका कंपनीत थेट पाच टक्क्यांपेक्षा जास्त घालू नका. एकाच उद्योगाच्या थेट शेअरांत वीस टक्क्यांपेक्षा जास्त नको. तुम्ही जिथे नोकरी करता त्या कंपनीचे शेअर मिळाले असतील तर ते वेळोवेळी कमी करत जा. पगार त्या कंपनीवर अवलंबून आहेच, बचतही कशाला? आणि पुढच्या सात वर्षांत जो पैसा लागणार आहे, तो इथे आणूच नका. जानेवारी २००८मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात साडेआठ हजारांवर आला आणि २१ हजार पुन्हा पाहायला २०१०ची दिवाळी उजाडली. ही तर बाजार लवकर सावरल्याची गोष्ट आहे. ज्यांना २००९मध्ये मुलाची फी भरायची होती, त्यांना त्या सावरण्याचा काय उपयोग झाला?

आपल्याकडे 'पोर्टफोलिओ' म्हटलं की लोक मोबाइलवरचं ब्रोकरचं ॲप उघडून दाखवतात. खरा पोर्टफोलिओ घरभर पसरलेला असतो. ८० लाखांचा फ्लॅट, त्यावर ३५ लाखांचं कर्ज, १२ लाख पीएफ, सहा लाखांच्या ठेवी, थोडं सोनं आणि चार लाखांचे शेअर, असं एखादं मध्यमवर्गीय घर धरा. त्या चार लाखांवर बाजारापेक्षा पाच टक्के जास्त कमावण्याची करामत साधली तरी वर्षाला २० हजार मिळतील, आणि ती दरवर्षी साधणारा माणूस विरळा. तेच बँकेत जाऊन गृहकर्जाचा दर अर्ध्या टक्क्याने उतरवून घेतला, तर पहिल्या वर्षी जवळपास साडेसतरा हजार वाचतात, तेही खात्रीने. नव्या कर्जदाराला बँक कमी दर देते आणि जुना गप्प बसला की त्याच्याकडून जुनाच घेत राहते. एक अर्ज आणि थोडं शुल्क, एवढ्याचंच काम असतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर शेअरचा विषयच बंद. महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज भरून वर बाजारात नफा शोधायचा, याला मी काय म्हणू? आरोग्य विमा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला नसेल, तर बाजार पडलेला असतानाच शेअर विकायची वेळ येते.

आता 'कोणता' या प्रश्नाकडे वळू. बाजारासाठी ठेवलेल्या रकमेतले तीन चतुर्थांश एखाद्या साध्या, कमी खर्चाच्या निर्देशांक फंडात घाला. निफ्टी ५०चा घ्या, नाहीतर त्याहून व्यापक निर्देशांकाचा. दर महिन्याला ठरावीक रक्कम, बस्स. उरलेल्या एक चतुर्थांशात हौसेने कंपन्या निवडा, वाचा, शिका. मात्र संख्या वाढवली म्हणजे जोखीम विभागली, असं समजू नका. पाच लार्जकॅप फंड आणि सहा बँकांचे शेअर घेऊन 'सगळीकडे थोडं थोडं ठेवलंय' म्हणणारे खूप भेटतात. निफ्टी ५०मध्ये एक तृतीयांशाहून जास्त वजन बँका आणि वित्तकंपन्यांचंच असतं. त्या पाच फंडांच्या पहिल्या दहा कंपन्या शेजारी शेजारी लिहून पाहा, नावं तीच निघतील.

फंड कोणाकडून घेताय, तेही पाहा. जानेवारी २०१३पासून प्रत्येक योजनेचा 'डायरेक्ट' प्रकार मिळतो, त्यात वितरकाचं कमिशन नसतं. महिना दहा हजार रुपये वीस वर्षं भरले आणि वर्षाला १२ टक्के परतावा धरला, तर सुमारे एक कोटी होतात. ११ टक्के धरला तर सुमारे ८७ लाख. एका टक्क्याची किंमत साडेबारा लाख. वितरक तुम्हाला पडत्या बाजारात धीर देऊन टिकवून ठेवत असेल तर तो ते पैसे कमावतो, असं मी मानतो. नुसता फॉर्म भरून देत असेल तर नाही. बँकेतला ओळखीचा साहेब फंड सुचवतो तेव्हा तो सल्लागार नसतो, विक्रेता असतो. सल्ला हवा असेल तर बाजार नियामक सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराला शुल्क देऊन घ्या आणि त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. परताव्याची हमी देण्याची परवानगी त्यालाही नाही. जो हमी देतो, तो त्या एका वाक्याने स्वतःची ओळख करून देतो.

फुकटच्या टिपेमागे बहुधा कोणाचा तरी माल खपवायचा असतो. साधना ब्रॉडकास्ट या लहानशा कंपनीबद्दल २०२२मध्ये यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ फिरवले गेले. अदानी समूह ही कंपनी घेणार, असं त्यात छातीठोकपणे सांगितलं होतं. लोक तुटून पडले, भाव चढला, आणि आधीपासून शेअर धरून बसलेल्यांनी ते या लोकांच्याच गळ्यात मारले. मार्च २०२३मध्ये सेबीने त्यावर कारवाई केली. व्हॉट्सॲपवरच्या 'व्हीआयपी' गटांचा प्रकार याहून साधा: ॲप बनावट, त्यात दिसणारा नफा बनावट, आणि पैसे काढायला गेलात की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. अडकलात तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

फ्युचर्स-ऑप्शन्सवर फार लिहीत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वैयक्तिकरीत्या व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. उरलेल्या सात टक्क्यांत आपण असू, असं ज्याला वाटतं त्याला माझं काही म्हणणं नाही.

विकण्याबद्दल मात्र म्हणणं आहे. "घेतल्या भावाला आला की काढतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पत्रक उघडण्याआधीच ते कानात वाजतं. तुम्ही शेअर कितीला घेतला, हे त्या कंपनीला ठाऊक नसतं आणि बाजाराला त्याचं सोयरसुतक नसतं. खरेदीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा, हा का घेतला आणि काय घडलं तर माझा अंदाज चुकला असं मानीन. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आसपास आणि मेअखेर वार्षिक निकाल आल्यावर, ती वही काढा. कारणच उरलं नसेल तर भाव न बघता विका. तोट्यात विकावा लागला तर करात त्याचा उपयोगही होतो. सध्या वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे, नंतर विकल्यास सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून, आणि उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. अट एवढीच, की विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. पण कागदावरचा तोटा चालत नाही, विकल्याशिवाय तो धरता येत नाही. एकीकडे नफ्यावर कर भरायचा आणि दुसरीकडे मेलेला शेअर आशेवर सांभाळायचा, हे दरवर्षी पाहतो.

शेवटची गोष्ट घरातली. डीमॅट खातं आणि प्रत्येक फंड यांवर नामनिर्देशन केलंय का, ते आज रात्री तपासा. डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित खातेपत्रक छापून घ्या, त्यात शेअर आणि फंड एकाच जागी दिसतात. ते पत्नीला किंवा पतीला दाखवा, कोणत्या ब्रोकरकडे खातं आहे ते सांगा. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर तो आणि त्यामागचे शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. ते परत मिळतात, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि कंपनीची पडताळणी घेऊन मुलांना अनेक महिने खेपा घालाव्या लागतात. आजोबांच्या ट्रंकेत कागदी प्रमाणपत्रं असतील तर तीही काढा. कंपनीचं नाव बदललं असेल, ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तरी चौकशी करायला हरकत नाही. मात्र चौकशी कंपनीने नेमलेल्या शेअर-निबंधकाकडेच करा, 'टक्केवारीवर काढून देतो' म्हणणाऱ्याकडे नको.