धाकट्याला सांभाळणाऱ्या थोरलीला त्या कामाचं शिक्षणही द्या



आज जाळी, बोटुकली, अनुदान यातलं काही नाही. आज हायस्कूलच्या मुलामुलींबद्दल लिहितो आहोत. जरा लांबलं आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या घरातलाच आहे.

आपल्या बायका पहाटे मासळीची टोपली घेऊन बाजार गाठतात. शहापूर-वडगावात कितीतरी घरांत नवरा-बायको दोघंही मागाच्या कामात अडकलेले असतात. निपाणीकडे आया तंबाखूच्या वखारीत, नाहीतर घरी विड्या वळत बसलेल्या. तिन्हीकडे दोन-तीन वर्षांच्या पोराला बघतं कोण? आजी असली तर आजी, नसली तर थोरली बहीण. ती सातवी-आठवीत असते. आधी आठवड्यातून एक दिवस शाळा बुडते, मग दोन दिवस, आणि कितीदा दहावी यायच्या आधीच शाळा सुटते.

ही मुलगी पोराला भरवते, झोपवते, गोष्ट सांगते, रडायला लागलं की चिऊ-काऊ दाखवते. खरं तर ती बालवाडीचंच काम करते. पण त्याला ना शिक्षण, ना दाखला, ना मोल. आमचं म्हणणं एवढंच आहे, की हायस्कूल आणि पीयूसीत लहान मुलांच्या शिक्षणाचा एक रीतसर व्यवसाय विषय असावा, आणि त्याचा दाखला पुढे नोकरीत मोजला जावा.

हे काही नवीन खूळ नाही. आपल्या मराठी मुलखातच याची वाट घालून दिलेली आहे. डहाणूकडे समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत गेलं. तिथे त्यांच्यापुढे हीच अडचण होती. आई-बाप कामावर, आणि शाळेच्या वयाची पोरं घरी धाकट्यांना सांभाळत बसलेली. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणायचे. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि आपण वर्गात बसावं. जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर नेली, ती कुरणशाळा. आणि जी वाडीबाहेर येत नव्हती त्यांच्या अंगणात बालवाडी भरवली. आज आपण सहज 'अंगणवाडी' म्हणतो त्या शब्दाचं मूळ तिथलं.

दुसरी गोष्ट साहित्याची. माँटेसरी पद्धतीचं सामान महाग. ते खेड्यात कुठून आणायचं? या बायकांनी शिंपले, खडे, बिया, पानं, माती यांवर काम भागवलं. आता सांगा, शिंपले आणि खडे आपल्याकडे कमी आहेत काय? ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांत त्या विधवा झाल्या. नोकरी करत रात्रशाळेतून १९३७ ला मॅट्रिक, आणि बी.ए. झाल्या १९६१ ला, पन्नाशी ओलांडल्यावर. शिकायची वाट उघडी ठेवली तर माणूस कुठवर जातो, ते यावरून बघा.

आता आजचं बोलू. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. पण अंगणवाडीवर आपण काय काय लादलं? पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाचं बोलावणं, गरोदर बायांच्या नोंदी, वर मोबाइलमध्ये माहिती भरणं. यातून मुलांना शिकवायला सेविकेच्या हातात किती वेळ राहतो? मग आई-बाप म्हणतात, अंगणवाडीत नुसता खाऊ मिळतो, आणि ऐपत नसताना खासगी एलकेजीची फी भरतात.

कर्नाटकात शिक्षणाची घडी बदलायची बोलणी चालू आहेत. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात शाळेच्या रचनेत दोन वर्षं पूर्वप्राथमिकची धरली आहेत. त्याआधी २०२३ च्या अर्थसंकल्पात ४,००० ग्रामपंचायतींत रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी 'कूसिन मने' म्हणजे पाळणाघरं काढायची घोषणा झाली. दोन्ही चांगलं आहे. पण या सगळ्याला शिकलेली माणसं कुठून आणणार? इमारत बांधता येते, खेळणी विकत आणता येतात. तीन वर्षांच्या पोराशी कसं बोलायचं ते जाणणारं माणूस तयार व्हायला वेळ लागतो.

आपल्या धंद्यातलंच घ्या. मत्स्यजिरे थेट मोठ्या तळ्यात सोडले तर किती वाचतात ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आधी संगोपन तळ्यात वाढवायचे, बोटुकली झाली की मग सोडायची. त्या पहिल्या दिवसांत तळ्यावर जाणता माणूस लागतो. माशांच्या पिलांसाठी आपण एवढं करतो. माणसाच्या पिलांसाठी मात्र कोणीही चालेल असं समजतो.

व्यवसाय विषय म्हणून हे शिकवता येतं, याचे दाखलेही आहेत. महाराष्ट्रात १९८८ पासून अकरावी-बारावीला किमान कौशल्य अभ्यासक्रम आले. त्यात मत्स्यव्यवसाय होता, तसा पाळणाघर आणि पूर्वप्राथमिक शाळा चालवण्याचाही अभ्यासक्रम होता. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत बालसंगोपन व शिक्षण हा कौशल्य विषय आहे. आपल्या कर्नाटकातल्या काही सरकारी हायस्कुलांत नववी-दहावीला आयटी, रिटेल, ऑटोमोबाइल, ब्युटी अँड वेलनेस असे विषय शिकवतात. त्याच रांगेत हा एक विषय बसवायला हरकत काय?

हरकती आहेत, त्याही ऐकून घेतल्या पाहिजेत.

पहिली हरकत अशी, की यातून गरिबाच्या मुलींना पुन्हा कमी पगाराच्या कामाला जुंपणार. ही भीती खोटी नाही. अंगणवाडी सेविकेला आजही पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीसाठी सुद्धा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा २५ एप्रिल २०२२ ला सेविका-मदतनिसांना तो कायदा लागू असल्याचा निकाल आला. म्हणूनच दाखला पाहिजे असं आम्ही म्हणतो. शिक्षण नसलं की 'पोरं तर सांभाळायची, त्यात काय एवढं' म्हणून मोल पाडता येतं. हातात रीतसर कागद असला की निदान भांडायला जागा होते. आणि हा विषय घेतला म्हणून पुढची दारं बंद होता कामा नयेत. त्या मुलीला उद्या नर्सिंग, डी.एड. किंवा पदवीला जायचं असेल तर जाता आलं पाहिजे.

दुसरी हरकत, 'हे बायकांचं काम.' आम्हाला हे पटत नाही. बाप झालेल्या माणसाला पोर सांभाळता येऊ नये, यात मोठेपणा कसला? हा विषय मुलग्यांनाही खुला पाहिजे.

तिसरी भीती आम्हाला स्वतःला वाटते. सेविका भरायच्या ऐवजी शाळेची पोरं फुकटात कामाला लावतील. म्हणून चार अटी स्पष्ट लिहितो:

१. प्रत्यक्ष काम आठवड्यातून एक-दोन अर्धे दिवसच. तेही शिक्षिका किंवा सेविका समोर असताना. विद्यार्थ्याच्या एकट्याच्या भरवशावर लहान मुलं सोडायची नाहीत.

२. रिकाम्या जागी विद्यार्थी चालणार नाहीत. जागा भरतीनेच भरायची.

३. शिक्षण मराठी आणि कन्नड दोन्हींत. या भागात घरात मराठी, बाजारात दोन्ही, कचेरीत कन्नड. तीन वर्षांच्या पोराला त्याच्या घरच्या बोलीतच धीर येतो, आणि शिकवणाऱ्याला दोन्ही भाषा आल्या तर नोकरीत अडणार नाही.

४. अंगणवाडी सेविका व्हायला आता बारावी लागते. त्या भरतीत या विषयाच्या दाखल्याला वेगळे गुण द्यावेत. नाहीतर कागद ट्रंकेत पडून राहील.

हे कोणाला सांगायचं? राज्याचं महिला व बालकल्याण खातं २०२३ पासून बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडे आहे. शाळा मात्र शिक्षण खात्याकडे. दोन खात्यांनी एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही, आणि मागणी खालून गेल्याशिवाय ती बसणार नाहीत. सुरुवातीला तालुक्यात एक हायस्कूल आणि त्याला लागून असलेली एक अंगणवाडी घेतली तरी पुरे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या मागणीचा ठराव आम्ही मांडणार आहोत. विणकर आणि विडी कामगार संघटनांनाही पत्र देऊ, कारण त्यांच्या घरातही हीच थोरली मुलगी आहे. सभेला घरातल्या बायकांना घेऊन या, नुसत्या सह्या करून जाऊ नका. आणि तोपर्यंत एक करा. मुलीची शाळा धाकट्यापायी बुडत असेल तर त्याला अंगणवाडीत घाला, सेविकेशी बोला, शेजारपाजारच्या दोन-तीन घरांनी मिळून सोय करा. ठराव व्हायला वेळ लागेल, पण तिचं नववीचं वर्ष काही थांबणार नाही.

आपल्या घरची अडचण काय आहे, ते खाली लिहा. सभेत ते वाचून दाखवू.

– सचिव