मोकळ्या मध्याची चकली

दिवाळीच्या फराळास चकली पाडताना आई मध्यापासून वेढे घालीत बाहेर येते. तांब्याच्या तारेची अशीच सपाट चकली घातली की तिला वेटोळे म्हणावे. आमचे म्हणणे एवढेच की, राहूच्या विद्यार्थ्यांनी ती स्वतःच्या हाताने घालावी. विकत आणू नये.

पालकांस वाटेल, हा नसता उद्योग कशास? त्यांनी इंडक्शनच्या शेगडीचे स्मरण करावे. तिच्या काचेखाली हीच चकली बसविलेली असते. तीतून सेकंदास हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो व त्याच्या चुंबकत्वाने लोखंडी तवा तापतो. जे बँकेचे कार्ड यंत्राजवळ नुसते धरून पैसे देता येतात, त्याच्या पोटातही कडेने असेच थोडे वेढे असतात. बदलत्या प्रवाहास विरोध करण्याचा वेटोळ्याचा हा गुण जोसेफ हेन्री यांनी 1832 साली प्रसिद्ध केला. त्याचे मापही त्यांच्याच नावाने चालते.

आता गंमत पाहा. हॅरोल्ड व्हीलर यांनी 1928 साली सपाट वेटोळ्याचे सोपे सूत्र दिले. मध्यम त्रिज्येच्या वर्गास वेढ्यांच्या वर्गाने गुणावे. मग त्रिज्येची आठपट आणि पट्ट्याच्या रुंदीची अकरापट यांच्या बेरजेने भागावे. मापे इंचांत, उत्तर मायक्रोहेन्रीत. बाहेरची त्रिज्या 3 इंच, आतली 1 इंच आणि वेढे 20 धरले, तर उत्तर सुमारे 42 येते. तीच चकली मध्यापर्यंत भरून वेढे 30 केले, तर उत्तर 45! दहा वेढे वाढले, पण लाभ अवघा तिनाचा. तार मात्र पावणेदोन हातांच्या आसपास अधिक गेली नि तिचा रोधही वाढला. आतल्या लहान वेढ्यांच्या पोटात चुंबकत्वास जागाच थोडी, हे त्याचे कारण. म्हणून जाणते कारागीर मध्य मोकळा सोडतात.

परंतु व्हीलरचे सूत्रही अंदाजी आहे. तिनाचा फरक खरा की सूत्राचा, हे कागदावर कळणार नाही. वेटोळे मोजावेच लागेल. आम्हांस खंत वाटते ती येथे. मुले सूत्र घडाघडा म्हणतात, पण दहा वेढे उलगडून पुन्हा मापण्याचा धीर कितीकांस असतो? (तो आम्हां मोठ्यांसही फारसा नसतो, हे कबूल केले पाहिजे.)

जुन्नर तालुक्यात खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञानदिनी तेथे शाळांची प्रदर्शने मांडली जातात. अशा ठिकाणी बाजारातून आणलेली चकचकीत प्रतिकृती, किंवा वडिलांनी रात्र जागून केलेली, आपण नेऊ नये. पुठ्ठ्यावर घातलेली दोन वेटोळी न्यावीत, एक भरलेले व एक मोकळे. शेजारी मोजलेले आकडे ठेवावेत, आणि ते सूत्राशी जुळले नाहीत तर तसेच ठेवावेत. तार, पुठ्ठा नि मोजण्याचे एक यंत्र, एवढीच शाळेकडे आमची मागणी आहे.